तूबा खानमचा सुळका

साखरेचा सुळका फोडण्यात माझा हात धरणारा आमच्या तूयसेरकान गावात कुणी नाही, अशी माझी त्या काळी प्रामाणिक समजूत होती. अशी समजूत असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरात कुऱ्हाड दिसली की काय होतं, ते सांगतो.

इराण-इराक लढाईचं पाचवं वर्ष चालू होतं. मी नगरपालिकेच्या पाणीखात्यात मीटर वाचायला होतो. घरोघर मीटर आणि घरोघर चहा. चहा म्हणजे अर्थातच साखरेचा खडा दाढेखाली धरायचा आणि त्यावरून कोरा चहा जाऊ द्यायचा. आता लढाईमुळे साखरही कुपनावर गेली होती. मिळायची ती भुरभुरीत, सुटी. ती दाढेखाली धरता येत नाही. लोक बिचारे खजूर, मनुका, कुणी तर गाजराच्या वड्या तोंडात ठेवून चहा पीत. वीतभर उंचीचा, शंकूसारखा घट्ट, निळ्या कागदातला साखरेचा सुळका बघून वर्षं झाली होती.

आमच्या शेजारच्या तूबा खानमकडे त्या शुक्रवारी पाहुणे आले. तिच्या पुतणीचं, फरंगीसचं, लग्न ठरत होतं. पोरगी लहानपणीच पोरकी झालेली, तूबा खानमनंच वाढवलेली. नवरामुलगा हबीब आघाडीवरून रजेवर आला होता. उद्याचा सोडून पुढच्या शनिवारी त्याला परत जायचं होतं, म्हणून लग्न गुरुवारी लावायचं असं त्याची आई आणि दोन मावश्या येऊन ठरवत होत्या. घरात पुरुषमाणूस हवा म्हणून मला बोलावणं होतं.

बैठकीत नुसतं बसून मला अवघडल्यासारखं झालं. मदतीला म्हणून आतल्या खोलीत गेलो, तर जमिनीवर चादर अंथरलेली. चादरीवर लाकडी ठोकळा. ठोकळ्याशेजारी साखर फोडायची छोटी कुऱ्हाड. आणि मधोमध निळ्या कागदातला सुळका!

आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय होतो? पाहुणे बाहेर चहाला खोळंबलेत, घरात बाईमाणूस एकटं, आणि सुळका कुऱ्हाडीची वाट बघतोय. मी बाह्या सारल्या. कागद काढला. पहिला घाव टोकाशी, मग आडवे, मग उभे. असे एकसारखे खडे पडले की मीच दोन मिनिटं बघत राहिलो. वाडगा भरून मी ऐटीत बाहेर आलो.

हबीबची आई म्हणाली, "अगंबाई, खड्यांची साखर! या दिवसांत कुठून मिळवलीत?"

समोवारपाशी बसलेल्या फरंगीसनं वाडग्याकडे पाहिलं आणि तिच्या हातातला पेला बशीत कलंडला. तूबा खानम स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं वाडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ती चक्क हसली.

"घ्या ना. लाजू नका. फरामर्ज, तूही घे."

त्या तिघींनी खडे घेतले. मीही दोन घेतले.

पाहुणे गेल्यावर फरंगीसनं सांगितलं. तो साधा सुळका नव्हता. तूबा खानमच्या स्वतःच्या लग्नात तिच्या आणि नवऱ्याच्या, यदुल्लाच्या, डोक्यावर घासलेल्या जोडीतला एक होता तो. नवरानवरीवर पांढरं कापड धरायचं, सुखानं नांदणाऱ्या बायकांनी त्यावर दोन सुळके एकमेकांवर घासायचे, की साखरेचा भुगा खाली पडतो आणि संसारात गोडी उतरते. लढाई लागल्यापासून दुसरे सुळके मिळेनात, म्हणून गल्लीतलं प्रत्येक लग्न याच जोडीवर लागत होतं. यदुल्लाचा ट्रक हमादानच्या घाटात दरीत कोसळून तो गेल्यापासून तूबा खानम स्वतः काही त्यांना कापडावर हात लावू शकत नव्हती. विधवेनं लावायचा नसतो. पण जोडी तिची. ती पुसायची, निळ्या कागदात गुंडाळायची आणि बजावायची, "घासा, पण जपून. अजून पुष्कळ पोरी लग्नाच्या आहेत."

आणि आता फरंगीसचं स्वतःचं लग्न सहा दिवसांवर, आणि जोडीतला एक माझ्या पोटात.

मी तूबा खानमपुढे उभा राहिलो. 

"तूबा खानम, मी..."

"तुझ्या डोक्यावरून ओवाळून टाकला," ती म्हणाली. "साखरच होती. बस, चहा घे."

इथून माझ्या गोंधळाला सुरुवात झाली. कारण आमच्याकडे पाहुण्यानं तुमचं घर जाळलं तरी त्याला "तुमच्या डोक्यावरून ओवाळून टाकलं" असंच म्हणायचं असतं. दुकानदारसुद्धा पैसे घेताना आधी "राहू द्या, तुमच्यापुढे काय त्याचं!" असं दोनदा म्हणतो आणि तुम्ही खरंच राहू दिलेत तर रस्त्यापर्यंत मागं धावतो. मग तूबा खानमचं हे ओवाळणं दुकानदारी होतं की खरं? रागावली असती तरी हेच म्हणाली असती. नसती रागावली तरी हेच.

घरी येऊन बायकोला विचारलं. ताहेरे म्हणाली, "हसली म्हणता? दात दिसले का?"

"दिसले."

"मग फार रागावलीय."

"आणि नसते दिसले तर?"

"तर त्याहून जास्त."

शनिवारी सकाळीच तूबा खानमनं भिंतीवरून हाक मारली. "फरामर्ज! मश् सफरकडे सुळका आलाय म्हणे. कुपनांचं पुस्तक घेऊन जा बाबा. एक मिळाला तरी जोडी जमेल."

मी मीटरची वही खुंटीला टांगली आणि धावलो. मश् सफरच्या दुकानासमोर रांग होती, पण माणसं फार थोडी. बाकी टोपल्या, दोन विटा, एक रिकामा रॉकेलचा डबा आणि एका बाईची चप्पल. लोक पहाटे आपापली वस्तू रांगेत ठेवून घरी झोपायला जात. मी चपलेच्या मागं उभा राहिलो. माझ्यामागं एक म्हातारा येऊन टेकला.

"आगा, रांग कसली?"

"सुळक्याची," मी म्हणालो.

"साखरेच्या? देवा! मी आपला अंड्यांची समजून उभा राहिलो."

त्यानं ते मागच्याला सांगितलं, मागच्यानं त्याच्या मागच्याला. जरा वेळानं मागून एक बाई आली, माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "ऐकलंत? माणशी दोन सुळके देणार आहेत!" मला इतका आनंद झाला की मी तिचे आभार मानले. ही बातमी मीच सोडली होती हे माझ्या लक्षात यायला शटर उघडावं लागलं.

मश् सफरनं गल्ल्यामागून माझ्याकडे पाहिलं. "सुळका? आगा फरामर्ज, मी शेवटचा सुळका पाहिला तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. अंडी आहेत. घेताय की मागच्यांना बोलवू?"

मी अंडी घेतली. रिकाम्या हातानं कसं जायचं? तूबा खानमनं टोपली उचलून पाहिली.

"सुळका नव्हता होय? मला तर कुणी छातीठोक सांगितलं होतं." तिनं अंडी कोठीच्या खोलीत नेली. "आणलीच आहेस तर राहू देत."

दुसऱ्या दिवशी सहकारी भांडारात सुळका आल्याची खबर तिच्याकडे होती. तिथं निघाला धुण्याचा साबण. मग चौकातल्या गाडीवर. तिथं इतकी दाटी होती की आपण कशासाठी ढकलतोय हे पुढच्याला माहीत नव्हतं, आणि त्याच्या पुढच्याला विचारलं तर तो म्हणाला, "मी फक्त बाहेर पडायला बघतोय!" माझ्या हातात बर्फात गोठलेल्या दोन कोंबड्या आल्या. त्या घेऊन मी घरी येईपर्यंत माझी बोटंही त्यांच्याच जातीची झाली होती.

"कोंबड्या!" तूबा खानम म्हणाली. "बघ, मेल्या लोकांच्या अफवा. ठेव तिकडे."

मंगळवारी तांदूळ निघाला. मी पोतं खांद्यावरून तिच्या कोठीत उतरवत होतो आणि ताहेरे भिंतीवर कोपरं टेकून बघत होती.

"अहो, आपल्या घरात काडेपेटी नाही."

"मी गुन्हा केलाय, ताहेरे."

"तो कळला. शिक्षा किती वर्षांची आहे, तेवढं विचारून ठेवा."

मला काहीच उमगत नव्हतं. रोज सकाळी एवढ्या खात्रीच्या खबरा तूबा खानमला देतंय तरी कोण? आणि एकही खरी कशी निघत नाही? एकदा वाटलं, तिला माझ्यावर सूड उगवायचाय. पण सूड उगवणारी बाई दारात गरम सूप घेऊन उभी राहील का? आणि मग वाटायचं, सूपही आमच्याकडे शिष्टाचार म्हणूनच देतात. त्यावरून काही ठरत नाही.

इकडे फरंगीस चिडीचूप झाली होती. मंगळवारी गल्लीत भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "फरामर्ज आगा, एकाच सुळक्यानं नाही का चालणार?"

"एक कशावर घासायचा?"

"तेच तर." ती खालीच बघत होती. "हबीब म्हणतो, असल्या गोष्टी कोण मानतो. पण तो आघाडीवर जाणार आहे. मला काही राहून जायला नको."

त्यानंतर मला रात्रभर... म्हणजे झोप लागली, पण बरी लागली नाही.

बुधवारी रेडिओवर बातम्यांच्या शेवटी साखरेच्या कुपनाचा नंबर आला. सुटी साखर. मी गेलो, रांगेत उभा राहिलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा ज्या वस्तूची रांग म्हणून उभा राहिलो तीच वस्तू मिळाली. इतका चमत्कार झाला तरी ती भुरभुरीतच. मी पिशवी तूबा खानमपुढे ठेवून मान खाली घातली.

ती पिशवीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुझ्याकडे नरसाळं आहे?"

"रॉकेलचं आहे."

"मोठं आहे?"

"मोठं आहे, पण रॉकेलचं आहे."

"धू."

मी धुतलं. त्या साबणानं धुतलं, राखेनं घासलं, उकळतं पाणी ओतलं, दारात उन्हाला ठेवलं. तूबा खानमनं साखर पाण्याच्या हातानं ओलसर केली, नरसाळ्याच्या तोंडाला चिंधीचा बोळा लावला आणि मुठीमुठीनं साखर आत ठासली. स्टोव्हजवळ ते रात्रभर ठेवलं. गुरुवारी सकाळी तिनं ते पाटावर उलटं करून थापटलं. सुळका निघाला! जरा बुटका, एका बाजूला कललेला, पण सुळका. तिनं माझ्या फोडलेल्या सुळक्याचा निळा कागद जपून ठेवला होता, तोच त्याला गुंडाळला.

लग्न झकास झालं. अंड्यांचा कोकू म्हणजे जाडसर पोळा होता, कोंबडीवर बेदाणे होते, भाताचे डोंगर होते आणि नवरीची डोक्यावरून घ्यायची चादर साबणानं अशी पांढरी धुतलेली होती की डोळे दिपावेत. मी पोटभर जेवलो. जेवताना मध्येच घास हातात राहिला. अंडी. कोंबड्या. तांदूळ. साबण. मी कोठीच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, मग पलीकडे बसलेल्या तूबा खानमकडे पाहिलं. ती दुसरीकडेच बघत होती. फारच दुसरीकडे.

पण जेवणाआधीचं सांगायचं राहिलं. काझींनी नवरीला विचारायला सुरुवात केली, कापड धरलं गेलं, आणि बायका सुळके घासू लागल्या. दोन घासण्यांतच खोलीत वास पसरला. हबीबची मावशी नाक ओढू लागली. एकजण स्टोव्ह बघायला उठला. हबीबच्या बापानं बाहेरचा कंदील विझवून पाहिला. मी भिंतीकडे तोंड केलं.

काझींनी विचारलं. बायका नेहमीसारख्या ओरडल्या, "नवरी फुलं वेचायला गेलीय!"

काझींनी पुन्हा विचारलं. "नवरी गुलाबपाणी आणायला गेलीय!"

तिसऱ्यांदा नवरीनं उत्तर द्यायचं असतं. पण तेवढ्यात ताहेरेच्या बाजूनं कुणीतरी (ती अजून मान्य करत नाही) म्हणालं, "नवरी रॉकेलच्या रांगेत उभी आहे!"

सगळी खोली फुटली. काझींनी दाढीत तोंड लपवलं. कापडाखाली फरंगीस इतकी हसत होती की तिचा होकार हसण्यातूनच बाहेर पडला, आणि रॉकेलच्या वासाचा साखरेचा भुगा दोघांच्या डोक्यावर पडला. तूबा खानम दारात उभी होती. तिनं हात अंगावरच्या चादरीखाली घेतले होते, पण मान दोन्ही सुळक्यांबरोबर हलत होती.

हबीब शनिवारी गेला. फरंगीसनं भुग्याची पुरचुंडी करून त्याच्या कोटाच्या खिशात शिवली. पुढे त्याचं पत्र आलं की अख्ख्या तुकडीला तो खिसा हुंगायचा नाद लागलाय, घरचा स्टोव्ह आठवतो म्हणून.

लग्नाच्या त्या गुरुवारी पाहुणे पांगल्यावर मी तूबा खानमला भांडी उचलायला मदत केली. मला एकच गोष्ट हवी होती, आणि ती आता तरी बिनशिष्टाचाराची हवी होती.

"तूबा खानम, एक खरं सांगा. तो सुळका फोडायचा नव्हता, तर शेजारी ठोकळा आणि कुऱ्हाड का ठेवली होती?"

ती बशा पुसत राहिली. "पाहुण्यांना काय कोरा चहा द्यायचा? फोडायलाच काढला होता, लग्नाचं मागाहून बघू म्हटलं. सकाळपासून तीनदा कुऱ्हाड उचलली. हात खाली येईना."

मी तिथंच खाली बसलो. आठवडाभराच्या रांगा, गोठलेली बोटं, न वाचलेले मीटर, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"म्हणजे मी तुमचं कामच केलं! मग आठवडाभर मला उन्हाथंडीत का पळवलंत?"

तूबा खानमनं शेवटची बशी पालथी घातली.

"रांगेत उभं राहायला माणूस हवा होता."