मनोज भडांगेची खरी फाइल

मखमलाबादच्या पुढे यशोदाबाईंची रोपवाटिका आहे. तिथले ऑफिस मनोज भडांगे सांभाळायचा. म्हणजे एक फाइल सांभाळायचा. कुठल्या शेतकऱ्याला कसली रोपे, किती ट्रे, कधी द्यायचे, हे सगळे त्या एका डेटाबेसमध्ये होते, आणि तो मनोजने कधीकाळी नाशिक रोडला कोर्स करून स्वतः बनवला होता. तेवढ्या एका कामावर उरलेले आयुष्य बसून खायचा त्याचा बेत होता.

धंदा वाढला. फोनवर बुकिंग घ्यायला तेजस्विनी आली, शेडमध्ये माल द्यायला साई होताच. दोघांना कॉम्प्युटर मिळाले आणि तिघांनी तीच फाइल नेटवर्कवरून वापरायची असे ठरले. तेव्हापासून मनोज सगळ्यांच्या आधी यायला लागला. आधी उदबत्ती, मग फाइल. आणि फाइल अशा पद्धतीने उघडायची, की दुसऱ्या कुणाला ती उघडताच येऊ नये. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणारी माणसे असतात, त्यातलाच हा प्रकार. पण ती माणसे त्या सीटवर बसून निदान कुठेतरी जातात.

तेजस्विनीला गिऱ्हाईक फोनवर ताटकळत ठेवून केबिनच्या दारात उभे राहावे लागे. मनोज मान वर न करता सांगायचा, काम चालू आहे. काम म्हणजे शेतकऱ्यांच्या नावांचा फॉन्ट बदलणे. मग मोठ्या उपकाराने तो थोडा वेळ फाइल बंद करायचा. जेवायला जाताना मात्र ती उघडीच, आणि केबिनला कुलूप.

शेवटी तेजस्विनीने यशोदाबाईंना विचारून फाइलचे दोन भाग केले. नोंदी सगळ्यांच्या मिळून एका जागी, आणि त्या भरायचा फॉर्म प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर वेगळा. एकाने लिहिले की तिघांना दिसणार, कुणी कुणाला अडवणार नाही. जुन्या फाइलमध्ये आता काही लिहायचे नाही, असे यशोदाबाईंनी बजावले. मनोजने मान डोलावली आणि केबिनमध्ये जाऊन जुनी फाइल आपल्या कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवली. तिला नाव दिले, ‘खरी’.

त्याच सुमारास दिंडोरीहून सासऱ्यांचा, कोंडाजींचा, फोन आला. टोमॅटोची रोपे पाहिजे होती. लग्न झाल्यापासून त्यांनी या थोरल्या जावयाला कधी काही काम सांगितले नव्हते. अडीअडचणीला धाकट्याला, गोटीरामला हाक जायची. मनोजची ओळख पाहुण्यांत ‘ऑफिसात बसतो’ एवढीच होती. त्याची छाती फुगली. “मामा, तुम्ही फक्त गाडी घेऊन या,” तो म्हणाला.

त्याने सासऱ्यांचे नाव ‘खरी’मध्ये सगळ्यात वर घातले, ठळक अक्षरांत, लाल पट्ट्यावर. तेजस्विनीला सांगता आले असते. पण मग रोपे तिने दिल्यासारखी झाली असती.

ठरल्या दिवशी पिकअप आली. पुढे कोंडाजी, शेजारी गोटीराम. साईने कॉम्प्युटरवर शोधले, नाव नाही. तेजस्विनीने शोधले, नाही. मनोजने दोघांची कीव केल्यासारखे हसून सगळ्यांना केबिनमध्ये नेले आणि स्क्रीनवर बोट ठेवले. पहिलेच नाव होते.

तेजस्विनीने बघितले. “सर, ही फाइल तुम्ही एकटेच बघता.”

टोमॅटोचे शेवटचे ट्रे आदल्या दिवशीच गिरणारे गावच्या एका शेतकऱ्याच्या गाडीत गेले होते. पुढची रोपे तयार व्हायला महिनाभर तरी जाणार होता. मनोज नेटवर्कबद्दल बोलायला लागला, मग व्हायरसबद्दल, मग हल्लीच्या मुलींना सगळ्याची घाई कशी असते त्याबद्दल. गोटीराम हसू दाबत बाहेर गेला. कोंडाजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, कीर्तन लांबल्यावर म्हातारी माणसे ऐकतात तसे. मग ते उठून तेजस्विनीच्या टेबलापाशी गेले.

“पोरी, पुढच्या लॉटला माझं नाव लिव. तुझ्याच फायलीत लिव. जावईबापूंना लय कामं असत्यात.”

तिने लिहिले. शेडमध्ये साईला ते तेव्हाच दिसले. मनोजलाही दिसले असते, पण तो केबिनमध्ये ‘खरी’ उघडून सासऱ्यांची तारीख महिनाभर पुढे ढकलत होता. लाल पट्टा त्याने तसाच ठेवला.