पेट्रोल लागलेली विहीर

सन १९५७. वैशाख संपत आला होता. गिरगावातल्या एका वाडीच्या विहिरीला पेट्रोलचा वास येऊ लागला आणि आमच्या टोळीला बोलावणं आलं. विहिरी उपसणं हा आमचा धंदा. जेवढा गाळ निघतो, तेवढेच किस्से निघतात. गाळ गाडीत भरून टाकता येतो. किस्से माझ्याजवळच राहिले. टोळीतलं आता कोणी नाही, म्हणून सांगतो.

*

टोळीत चौघे. दाजीबा मुकादम मालवणकडचे. धोंडू आणि भिकू लालबागचे. मी शंकर, परळच्या चाळीतला. शाळा दुसरीत सोडली, पण माती ओळखायला मला कोणी शिकवायला नको.

पेट्रोल कुठून येतंय ते शोधायला विहिरीच्या चारी बाजूंना खड्डे खणायचे आणि प्रत्येक खड्ड्यातली माती हुंगायची. यंत्र नव्हतं, नाक होतं. म्हणून मुकादमांचा नियम होता: काम चालू आहे तोवर विडी नाही, तपकीर नाही, डब्यात कांदा नाही.

तिसऱ्या दिवशी धोंडू जेवून उठला, तसाच खड्ड्यात उतरला, मूठभर माती नाकाशी नेली आणि ओरडला, "लागलं!"

मुकादमांनी त्याचा हात हुंगला.

"धोंड्या, ह्यां पेट्रोल न्हय. ह्यो बांगडो."

*

खड्ड्यामागून खड्डा, वास वाढत गेला तो वाडीमागच्या पेट्रोलपंपाच्या भिंतीपर्यंत. पंपाची टाकी जमिनीत पुरलेली. मॅनेजर मानेना. "टाकी शाबूत आहे. पेट्रोल कमी होतं ते विकलं जातं म्हणून."

त्याच आठवड्यात संयुक्त महाराष्ट्रासाठी बंद होता. आदल्या संध्याकाळी मुकादमांनी मॅनेजरला टाकीत मोजायची काठी घालायला लावली, ओल्या खुणेवर खडूची रेघ मारली आणि पंपाला त्याच्याच हातून कुलूप घातलं. आम्ही चौघे मोर्च्याला गेलो. बंदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काठी घातली. चार बोटं कमी.

मुकादम शांतपणे म्हणाले, "साहेब, काल एक मोटार फिरली नाही. मग प्यालं कोण?"

दुपारी टाकी उकरायला सुरुवात झाली.

*

टाकी निघाली. भिजलेली माती गाड्या भरभरून गेली. मग विहिरीची पाळी.

आमच्यात रीत अशी, की विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील खाली सोडायचा. विझला तर हवा वाईट. भिकूचा हात सवयीचा. त्याने कंदील घेतला, काडी ओढली, आणि तीही पेट्रोलच्या विहिरीच्या काठावर. मुकादमांनी ओली गोणी त्याच्या हातावर फेकली.

"विहिरीक दिवाळी दाखवतंस काय रे?"

मग कंदिलाच्या जागी टोपलीतून कोंबडी सोडली. ठणठणीत वर आली. काम झाल्यावर तिचा रस्सा करायचं ठरलं होतं. पण तिला असा वास मारायचा, की कोणी सुरी लावेना. मुकादमांच्या खोलीत ती म्हातारी होऊन मेली.

*

वाडीत एक काकू होत्या. विधवा, साठीच्या. मुलाला माटुंग्याला ब्लॉक मिळाला होता, दसऱ्यानंतर बिऱ्हाड हलणार होतं. रोज कठड्याशी येऊन विचारायच्या, "शंकर, आलं का रे पाणी?"

"वाडीत नळ आहे की, काकू."

"नळाचं पाणी पोटात जातं रे. तहान जात नाही. बारा वर्षांची या वाडीत आले, तेव्हापासून हेच पाणी. जायच्या आधी एकदा मिळालं तर बरं."

मी म्हणालो, "मिळेल."

मुकादम माझ्यावर रागावले. विहिरीच्या वतीने शब्द द्यायचा नसतो म्हणाले. पण मी दिला होता.

*

पावसाळा सरल्यावर तळाचा गाळ काढायला मी उतरलो. फावडं मारलं तशी गाळातून वाफ उठली, आणि मला पुढचं आठवत नाही. दोर ओढून मला वर काढलं. नळाला पाणी सकाळी तासभरच. काकूंनी घरातून भरलेला तांब्या आणला, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी तोंडात घालू लागल्या.

आदल्या वर्षी आमच्या चाळीने बुद्धाची दीक्षा घेतली होती. वाडीला मात्र आमचं जुनंच नाव पाठ. वरच्या गॅलरीतून कोणी म्हणालं, "काकू, तो कोण आहे माहीत आहे ना?"

काकू म्हणाल्या, "आधी शुद्धीवर येऊ दे. मग त्यालाच विचारते."

विचारलं नाही. त्यांच्या घरातलं तेवढंच प्यायचं पाणी होतं, सकाळी नळ येईपर्यंत त्या तशाच राहिल्या, हे भिकूने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. कोणाचं काही अंगावर ठेवायची आमच्या घरात रीत नाही. त्या दिवसापासून मला नीट झोप लागेना.

*

पुढे रोज तेच. गिरणीतला टाकाऊ कापूस पाण्यावर पसरायचा, तवंग टिपायचा, विहीर उपसायची, झरे भरू द्यायचे. सकाळी पांढऱ्या थाळीत पाणी घेऊन उन्हात धरायचं. त्यावर मोरपिशी रंग दिसले की पुन्हा उपसा. दसरा झाला तरी रंग दिसतच होते.

काकूंचं सामान हातगाडीवर चढलं त्या सकाळी मी थाळी धरली. नुसतं पाणी. मुकादमांनी हुंगलं, थाळी उन्हात फिरवून पाहिली, मान हलवली. विहिरीत उतरलेल्या माणसाने पहिला घोट घ्यायचा असतो. मी घेतला. थोडा वेळ थांबलो. मग तांब्या घासला, काठोकाठ भरला आणि रस्त्यावर गेलो.

काकू टॅक्सीत बसल्या होत्या. मुलगा म्हणाला, "आई, उशीर होतोय. आणि तुझं सोवळं?"

"ते सामानाबरोबर हातगाडीवर गेलं," काकू म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

त्यांनी तांब्या माझ्या हातून घेतला. ओठाला लावला. मधे थांबल्या नाहीत. मग तांब्या उलटा करून मला दाखवला.