जमुनाची नऊ शून्यं

अकोल्यात एप्रिलची सकाळ साडेसहालाच तापते. वॉर्डातला कूलर दमट वारा फेकत होता आणि जमुना एकेक खाट झाडून, चादरीचे कोपरे गादीखाली खोचत चालली होती. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची, दर्यापूरकडची पोरगी. हात वॉर्डात; जीव मात्र होस्टेलवर, खोलीतल्या सोबतिणीच्या, आकांक्षाच्या खाटेपाशी अडकलेला. ती अजून निजली असेल. तिला पंधरा दिवस ड्यूटी माफ.

झालं असं होतं, की मानसोपचाराच्या तासाला मॅडमनी उदासी मोजायचा फॉर्म वाटला. रुग्णांना देण्याआधी स्वतः भरून पाहा म्हणाल्या. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन. झोप येते का, भूक लागते का, जगणं नकोसं वाटतं का. किती बेरजेला काय ठरतं हे जमुनाला तोंडपाठ. परीक्षेत बरोबर उत्तरं लिहावीत तशी तिनं नऊच्या नऊ शून्यं ठोकली आणि कागद सगळ्यांआधी दिला. शेजारच्या आकांक्षानं खरं लिहिलं.

तेव्हापासून आकांक्षाचे लाड पाहून घ्यावेत. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, धामणगावहून आई येऊन गेली. मॅडम तिच्या डोक्यावरून हात फिरवत "जेवलीस का गं?" विचारायच्या, तेव्हा जमुनाला ते बघवायचं नाही. महिनाभर तिलाही झोप नव्हती. न्हाणीत नळ सोडून रडायची, तोंड पुसून ड्यूटीवर जायची. तिला कोणी विचारलं?

दुपारी ती खोलीवर आली, तर आकांक्षा भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"मजा हाये बाप्पा तुयी! आमी मरून राहिलो, अन् तू राणीवानी लोळून राहिली."

आकांक्षा उठून बसली. ओठ फुटलेले, केसांच्या जटा झालेल्या.

"पाह्यजे तुले? घेऊन टाक. पाच दिस झाले, वेणी घालाची ताकत नाई मले. याचा कायचा हेवा व?"

"तुले इचारतात तरी." जमुनाचा आवाज फाटला.

"तू किती लिहलं होतं?"

"शून्य."

"साऱ्यात? अन् रोज न्हाणीत रडतं थे? पागल झाली काय? थो पेपर होता काय!"

त्या घडीलाही जमुनाला हेवाच वाटला. हिला खरं लिहिता आलं, याचा.

ती तशीच मॅडमच्या खोलीत गेली. "मॅडम, माया फॉर्म वापस द्या. खोटा भरला मी."

मॅडमनी कोरा फॉर्म पुढे ठेवला, खुर्ची जवळ ओढली. झोपेपुढे तिनं तीन लिहिले. शेवटच्या, जगणं नकोसं वाटण्याच्या प्रश्नाला हात थांबला. मॅडम तिच्याजवळ बसून राहिल्या. मग तिनं तिथंही खरं लिहिलं.

"चल, आत्ताच डॉक्टरांकडे जाऊ. आणि खोलीत एकटी राहायचं नाही. आकांक्षानं फोन केला होता, तू येशील म्हणून."

इथंही थेच पह्यली, जमुनाच्या मनात आलं.

डॉक्टरांकडून होस्टेलवर परतली तेव्हा न्हाणीतल्या बादलीत तिचा कालचा युनिफॉर्म भिजत होता. दार उघडं ठेवून ती उकिडवी बसली आणि कॉलर घासायला लागली.