चारच्या आधीची तालीम

शालन गेल्याचा फोन आला तेव्हा नागनाथ पाण्याच्या टाकीवर ड्यूटीला होता. गावाला पाणी सोडायचं नगरपालिकेचं काम तो सव्वीस वर्षं करत होता. मेहुण्याने दवाखान्यातून सांगितलं, "दाजी, आक्का गेली." नागनाथ "बरं" म्हणाला आणि त्याने घड्याळ पाहिलं. खालच्या पेठेचं पाणी बंद करायला अकरा मिनिटं होती. ती अकरा मिनिटं तो व्हॉल्व्हच्या चाकाला हात लावून उभा राहिला. वेळेवर पाणी बंद केलं, सही केली आणि मग दवाखान्यात गेला.

ही गोष्ट गावभर झाली. "माणूस आहे का धोंडा," लोक म्हणाले. धोंडा नव्हता तो, पण तसं सांगायला शालन राहिली नव्हती. त्याच्या वतीने बोलायचं काम कायम तिचंच.

त्याआधी दोन महिने तिच्या भावाच्या मुलीला ऑटिझम असल्याचं निघालं होतं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकून शालन घरी आली आणि म्हणाली, "अहो, बाई त्या पोरीचं सांगत होत्या, पण वर्णन सगळं तुमचं!" मोठ्या माणसांचीही तपासणी होते असं कळल्यावर तिनेच त्याचं नाव घातलं. नंबर पाच महिन्यांनी लागणार होता. त्यातले दोनच तिला मिळाले.

आज चार वाजता ती तपासणी आहे. चार दिवस नागनाथला अन्न गोड लागलेलं नाही. जायचंच नाही, असं सकाळपासून दोनदा ठरवून झालंय. तरी त्याने उत्तरं पाठ केली आहेत, कारण त्या घरची रीतच तशी. लग्नाला जायचं असो, बँकेत जायचं असो, की कुणाला भेटायला, आदल्या दिवशी शालन त्याची तालीम घ्यायची. ती बँकेतला साहेब व्हायची. "काय, कसं काय?" त्याने म्हणायचं, "बरं चाललंय, तुमचं?" मग मनात तीन मोजायचे आणि हसायचं.

जेवून तो आडवा होतो. पापण्या जड होतात. पंखा फिरतो आहे, पण वारा लागत नाही. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येतो.

"उठा की. किती वाजले?"

"दोन वीस."

"मग तालीम कधी घ्यायची? तिथे पोचल्यावर?"

शालन परातीपाशी बसली आहे. नागनाथ नेहमीसारखा तिच्या कानातल्या कुडीकडे बघतो. ही मेलेली आहे, हे त्याला माहीत आहे. पण मेलेल्या बायकोशी काय बोलायचं याची तालीम कधी झालेली नाही, म्हणून तो तिच्या प्रश्नाची वाट बघतो.

"मी डॉक्टरीणबाई," शालन म्हणते. "लोकांत मिसळायला आवडतं का?"

"हो. अधूनमधून."

"मोठ्या आवाजाचा त्रास होतो?"

"नाही. सवय आहे."

"मग बँड वाजला की मोरीत जाऊन बसतो तो कोण, शेजारचा जावई?"

"ते सांगायचं नसतं. तूच म्हणाली होतीस."

ती भाकरी उलटते. तव्यामागे भिंत नाही. तिथे टाकीखालची ओली खोली आहे आणि खोलीत दवाखान्यातली बाकडी. बाकड्यांवर माणसं पाठमोरी बसली आहेत. सगळ्यांच्या अंगात नागनाथचा तपकिरी शर्ट.

"काय मंडळी, कसं काय?" शालन हाक मारते.

"बरं चाललंय, तुमचं?" सगळे एकदम बोलतात, नागनाथच्याच आवाजात. एक. दोन. तीन. मग हसतात. ते हसणं थांबत नाही. पाठमोरे खांदे हलत राहतात.

"यातले तुम्ही कोणते?"

नागनाथ एकेक पाठ बघत जातो. "नाही ओळखता येत."

"मग त्या बाईंना तरी कसं यावं? माझंच चुकलं. चारचौघांत निभावून न्यायला शिकवत बसले. आज निभावायचं नाही." ती पिठाच्या हाताने त्याची हनुवटी धरते. हात गार आहे. "इकडे बघा. कुडीकडे नाही."

तो वर बघतो.

डोळ्यांच्या जागी काहीच नाही. जखम नाही, खड्डा नाही. कपाळाची कातडी सरळ गालांपर्यंत उतरली आहे.

"शालन, तुझे डोळे?"

"तुम्ही कधी बघितलेत का? मग इथे कुठून यायचे?"

तिच्या आवाजात राग नाही, म्हणून त्याला जास्त भीती वाटते.

"एकतीस वर्षं," तो म्हणतो. "वाईट वाटायचं का तुला?"

"सुरुवातीला. मग कळलं, कुडीतला मोती सैल झाला की माझ्याआधी तुम्हाला समजतंय. हे सांगा बाईंना."

"त्या हसल्या तर?"

"हसू देत. तुम्ही तीन मोजून हसू नका, म्हणजे झालं."

बाकड्यांवरचं हसू थांबतं. सगळी माणसं हळूहळू मान वळवू लागतात.

पंख्याचा वारा लागतो. पावणेतीन वाजलेत.

नागनाथ उठून स्वयंपाकघरात जातो. तवा गार आहे. तीन महिने झाले, जेवण खानावळीतून येतंय; घरात चिमूटभरही पीठ नाही. हनुवटीची कातडी ताणल्यासारखी वाटते म्हणून तो आरशापुढे उभा राहतो. तिथे ज्वारीचं पीठ आहे, वाळून ताठ झालेलं. एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला अंगठा.

तो ते धूत नाही. चपला घालतो, कुलूप लावतो, दोनदा ओढून बघतो आणि चालू लागतो.

बाईंनी पहिला प्रश्न विचारला की काय म्हणायचं, ते अजून ठरलेलं नाही.