खाटेच्या कठड्यावरचा पट्टा

परळच्या आमच्या इस्पितळात वॉर्डात कॉम्प्युटर आला तेव्हा मी चांगली मुरलेली सिस्टर होते, आणि मुरलेली सिस्टर नवा नियम ऐकला की आधी पळवाट शोधते. नियम साधा होता. औषध देण्यापूर्वी पेशंटच्या मनगटावरचा पट्टा स्कॅन करायचा, पडद्यावर हिरवी खूण आली की द्यायचं. पण पेशंट कुशीवर झोपलेला, हात पांघरुणात, पट्टा उलटा फिरलेला. मी शक्कल लढवली. प्रत्येक पट्ट्याची आणखी एक प्रत छापून खाटेच्या कठड्याला चिकटवून टाकली. उभ्या उभ्या स्कॅन, अख्खा वॉर्ड झटपट. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते.

पाच नंबरची खाट खिडकीशी होती. सहा नंबरवर लालबागचे एक आजोबा, जुने गिरणी कामगार. भेटायचा पास एकच, तो मुलाकडे, म्हणून आजी खाली आवारात उभ्या राहायच्या. त्यांना निदान हात दाखवता यावा, म्हणून पाच नंबरवाल्यांनी एका दुपारी आपली खाट आजोबांना देऊन टाकली. दोघेही मालवणकडचे. सिस्टरला कशाला विचारतील?

संध्याकाळी मी इन्सुलिन घेऊन पाच नंबरशी गेले. कठडा स्कॅन केला, हिरवी खूण आली. चेहऱ्याकडे न बघताच मी आजोबांची बाही वर सारली.

"ह्या कसला गो?"

"साखरेचं इंजेक्शन, आजोबा."

"माका खंयची साखर? साखर तेका आसा!" शेजारच्या खाटेकडे बोट दाखवून ते खदखदून हसले.

मी सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली आणि त्यांच्या मनगटावरचा पट्टा वाचला. तो सहा नंबरच्या पेशंटचा होता. साखर नसलेल्या माणसाला ते इन्सुलिन गेलं असतं, तर खाली उभ्या असलेल्या आजींना मी काय सांगितलं असतं? माझा चेहरा बघून आजोबाच म्हणाले, "बस गो बाय, पाणी पी."

त्याच पाळीत मी कठड्यांवरचे सगळे पट्टे नखांनी खरवडून काढले. मग कॉम्प्युटरवर स्वतःच्याच नावाने रिपोर्ट भरायला बसले. थोडक्यात टळलेली चूकही नोंदवायची असते. गप्प राहिले असते तर कोणाला कळलंही नसतं, आणि तसा मोह झाला, खोटं कशाला बोलू?

शेवटचा प्रश्न होता, चूक कोणाच्या लक्षात आली? पर्याय चार: डॉक्टर, नर्स, फार्मसी, इतर. पेशंट त्यात नव्हताच. मी 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं, "ज्यांना मी काहीच विचारलं नव्हतं, त्यांच्या."