ऑकलंड ते भाईंदर, व्हाया सिंगापूर

मी पहिल्यांदा ऑकलंडला निघाले तेव्हा आई एअरपोर्टवर आली नाही. भाईंदरला इंद्रलोकमधल्या आमच्या बिल्डिंगच्या गेटपर्यंत आली आणि टॅक्सीच्या खिडकीतून डोकं आत घालून बजावलं, "पोचलीस की लगेच फोन कर. तोवर मला केर काढता येणार नाही."

माणूस प्रवासाला गेलं की ते पोचेपर्यंत घरात केर काढायचा नाही, हा आमच्या रत्नागिरीकडचा नियम. भाईंदरहून गावी जाणाऱ्यासाठी तो ठीक होता. रात्री निघालेला सकाळी चहाला पोचायचा. पण ऑकलंड म्हणजे पृथ्वीचं दुसरं टोक. साडेपाच तास सिंगापूर, तिथे ताटकळायचं, मग आणखी दहा तास. बारा हजार किलोमीटरच्या वर. त्यात माझं दुसरं विमान चुकलं. मी उतरून, सिम कार्ड मिळवून फोन केला तोवर फरशीवर एक केस न खपवणारी माझी आई दोन दिवस समोरच्या बांधकामाची धूळ बघत बसली होती. "आता घेते झाडू," एवढंच म्हणाली. मला हसू आलं. पुढे इथल्या, ऑकलंडच्या मैत्रिणींना हा किस्सा मी कितीदा तरी मीठमसाला लावून सांगितला.

मागच्या वर्षी धाकट्या भावाचा, विनयचा, फोन आला. "ताई, डॉक्टर म्हणतायत बोलवून घ्या." मिळालं ते तिकीट काढलं. सिंगापूरला उतरून फोन चालू केला, तर तो रडत होता. "आई गेली गं. बर्फाची पेटी मागवतो. तू येईपर्यंत ठेवू ना?"

हिशोब मला पाठ होता. पुढचं विमान, इमिग्रेशन, हायवेचं ट्रॅफिक. मला पोचायला रात्र होणार, म्हणजे अग्नी दुसऱ्या सकाळी. तिला एकदा बघायची इतकी ओढ होती की तोंडात 'हो'च आलं होतं. पण जन्मभर माझी वाट बघणाऱ्या बाईला आता बर्फातही वाट बघायला लावायची? "नको थांबू," मी म्हटलं. "घेऊन जा तिला."

विमानात समोरच्या स्क्रीनवर नकाशा होता. उरलेलं अंतर कमी होत होतं. तीन हजार, दोन हजार, नऊशे. एरवी तो आकडा बघून जीव सुखावायचा. त्या संध्याकाळी तिची चिता पेटली असणार हे मला ठाऊक होतं, आणि आकडा आपला उतरतच होता. तुमच्यापैकी ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांना मी काय वेगळं सांगणार.

घरी पोचले तर फरशी लख्ख. अंत्ययात्रा निघाली की मागोमाग केर काढून घर धुतात. माणूस गेल्या गेल्या झाडू घेतात तो तेव्हाच. म्हणून तर आई माझ्यामागे झाडूला हात लावत नव्हती. हे मला चाळिशी उलटल्यावर, त्या स्वच्छ फरशीवर उभी असताना कळलं. तिथेच खाली बसले आणि खूप रडले.

विनय बराच वेळ पाठीवरून हात फिरवत राहिला. शेजारच्या गुजराती भाभींनी पाठवलेली खिचडी त्याने मला दोन घास खायला लावली. मग माझ्यासाठी गादी घालता घालता, अगदी मायेने, त्याने विचारलं, "ताई, किती दिवस आहेस?"

आईने हे कधी विचारलं नव्हतं. मी परतीची तारीख सांगायला लागले की ती कुकर लावायला उठायची.

"तेराव्यापर्यंत," मी म्हणाले, आणि कुणाच्या पायात येऊ नये म्हणून बॅग भिंतीला सरकवून ठेवली, पाहुणे ठेवतात तशी.