गहू न खाणारा जावई

हात मोडला की गाव भेटायला येतं. पोट बिघडलं की गाव हसतं. मी बारा वर्षं तो हशा ऐकला. गेवराईतल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. त्या बारा वर्षांत माझं वजन अठ्ठेचाळीस किलोच्या वर कधी गेलं नाही. चालू तास सोडून मी संडासाकडं पळायचो. शिक्षकांच्या खोलीत माझ्या त्या पळण्याला एक नाव पडलं होतं. ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण ते ठेवणारे गृहस्थ मुलांना मूल्यशिक्षण शिकवायचे, एवढं सांगून ठेवतो.

जो डॉक्टर भेटला त्यानं आपल्या आवडीचा रोग माझ्या अंगावर घातला. एकानं जंत दिले, एकानं आमांश दिला, तिसऱ्यानं "टेन्शन घेऊ नका" म्हणत सलाईन लावलं. एका चुलत्यानं मला कपिलधारला नेऊन धबधब्याखाली उभं केलं. तिथं सर्दी झाली. सगळ्या निदानांत ती एकटी खरी निघाली.

शेवटी बायकोनं हट्ट धरला आणि आम्ही संभाजीनगरला पोटाच्या एका डॉक्टरीणबाईंकडं गेलो. वयानं माझ्या विद्यार्थिनीसारख्या. त्यांनी रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतड्याचा कण काढला आणि आठवड्यानं समोर बसवून सांगितलं, "तुम्हाला सिलिॲक आहे. गव्हातलं ग्लुटेन तुमच्या आतड्याला सोसत नाही, त्यानं आतून आतडं झिजतं. आजपासून गहू बंद."

"किती दिवस?"

"आयुष्यभर. आणि थोडासुद्धा नाही. रवा, मैदा, शेवया, बिस्किट, काही नाही. गव्हाच्या पिठाचा हात लागलेली भाकरीसुद्धा नाही."

मला वाटलं, सुटलो. बीड जिल्हा म्हणजे ज्वारीचा मुलूख. इथं भाकरी खाणाऱ्याला कसली अडचण? मी माझ्या माणसांना ओळखत नव्हतो, हे मला त्यानंतर कळलं.

ज्यांच्या आज्यांनी गव्हाची पोळी फक्त सणाला आणि पाहुण्याच्या ताटात पाहिली, त्यांची नातवंडं आता भाकरीचं नाव काढलं की नाक मुरडतात. "सर, पंधरा दिवस पथ्य करा, मग हळूहळू सुरू करा." "सर, एका पोळीनं काय व्हतंय?" "आमच्या पणज्यानं शंभर वर्षं गहू खाल्ला, त्याला कुटं काय झालं?" पणज्यानं गहू खाल्ला नव्हता. दुष्काळात रेशनची लाल मिलो ज्वारी खाल्ली होती, बरबड्यासारखं रानगवताचं बी खाल्लं होतं, आणि शंभर वर्षंही जगला नव्हता. पण खोट्या पणज्याशी वाद कोण घालणार? सुट्टीत मी डबा उघडला की चार माना लांब व्हायच्या आणि कुणीतरी कीव आल्यासारखं "च्च" करायचं. तो स्वतः समोर मैद्याची खारी चहात बुडवून बसलेला असायचा.

घरी बायकोनं काम अंगावर घेतलं. माझा तवा वेगळा, काठवट वेगळी, डबे वेगळे. आधी माझं रांधायचं, मग मुलीच्या पोळ्या. बाजारच्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ मिसळतात, हे तिनं डबीवरचं बारीक अक्षर वाचून शोधलं आणि डबी फेकून दिली. एवढं करूनही माझं पोट अधूनमधून बिघडायचंच. कारण सापडेना.

ते सापडलं गिरणीत. आमच्या गल्लीतला गिरणीवाला चाचा. मी ज्वारीचा डबा घेऊन गेलो आणि त्याला म्हटलं, "चाचा, गव्हाच्या आधी माझं दळून देत जा."

त्यानं पट्टा थांबवला. "कावून?"

मी सगळं सांगितलं. आतड्यापासून हिंगापर्यंत. तो ऐकत राहिला. मग त्यानं गिरणीच्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि पांढरं झालेलं बोट माझ्यापुढं धरलं.

"सर, झूट न्हाई बोलनार. हे सगळं गहू हाय. दगडात गहू, कापडात गहू, हवेत गहू. पयलं दळलं तरी बी तुमचं पीठ माझ्या गिरणीत चोख निघनार न्हाई. तुमी घरघंटी घ्या. माझ्याकडं येऊ नका."

घराबाहेर माझं म्हणणं एकदाच ऐकून समजून घेणारा अख्ख्या तालुक्यातला हा पहिला माणूस, आणि त्यानं आपलं गिऱ्हाईक स्वतःच्या हातानं परत पाठवलं. मी घरघंटी घेतली. महिन्याभरात पोट थाऱ्यावर आलं, वजन पंचावन्नवर गेलं. एकाही तासातून मी पळालो नाही.

मग धोंड्याचा महिना आला.

आमच्याकडं अधिक महिन्यात जावयाला धोंडे खायला बोलावतात. कणकेच्या गोळ्यात पुरण भरून उकडायचं, वरून तूप ओतायचं, जावयाला ओवाळायचं, दिव्यासकट तेहतीस अनारसे द्यायचे, कपडे करायचे. सासरा जितका मोठा, तितका घाट मोठा. माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणतो, दिंद्रुडजवळच्या एका गावचे. दोनदा सरपंच झालेले, तिसऱ्यांदा पडलेले, पण पांढरे कपडे आणि मोठा आवाज त्यांनी खाली ठेवलेला नव्हता. साखरपुडा असो की दहावा, मामा बोलायला उभे राहायचे. माझ्या आजाराबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. ते त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं, "जावईबापू, भाकर आमच्याकडं सालगडी खातेत. तुमी मास्तर माणूस. डाक्टर लोक येड्यात काढतेत तुमाला."

बायकोनं आईला आठ दिवस आधीपासून समजावलं. धोंडे तांदळाच्या पिठाचे करायचे. पीठ आम्ही आणू. पातेलं नवं काढायचं. मामी "हो बाई, हो बाई" म्हणत होत्या. मी जायला तयार नव्हतो. "एक दिवस," बायको म्हणाली, "माझ्यासाठी." गेलो.

ओसरीवर वीसएक माणसं जेवायला. मामांनी गावातली सगळी वजनदार मंडळी गोळा केलेली. त्यांच्यापैकी निम्म्यांनी मागच्या निवडणुकीत मामांना पाडलं होतं, आणि ते दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. मला पाटावर बसवलं, ओवाळलं, टोपी घातली. ताटात दोन धोंडे आले, पांढरे, तुपात बुडालेले. तांदळाची पारी उकडली की चिरते, काठाला फुटते. हे धोंडे फुटले नव्हते. घास तोडताना पारी ताणली जात होती. मी नववीच्या पोरांना ग्लुटेन दाखवायला कणकेचा गोळा पाण्याखाली धुऊन, उरलेला चिवट लगदा ताणून दाखवतो. त्या दिवशी तेच माझ्या दोन बोटांत ताणलं जात होतं आणि मी, विज्ञानाचा मास्तर, म्हणत होतो, मामींच्या हाताला काय चव आहे!

दोन्ही संपवले. मामा उठून उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला तेव्हा मला वाटलं, नेहमीचं भाषण.

"मंडळी, आमचे जावई दोन वर्षं झाली गहू खात न्हाईत. गहू खाल्ला की मरतो म्हनत्यात. आत्ता दोन धोंडे खाल्ले का न्हाई तुमच्या डोळ्यांम्होरं? त्यात गहू व्हता! मेला का जावई?"

ओसरी हसली. पोट धरून हसली. एकानं तर टाळी वाजवली. "मास्तर, सगळं डोक्यात असतंय," एक जण म्हणाला. त्याच्या स्वतःच्या डोक्यात काय होतं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

माझ्या आजाराचा हा एक वाईट गुण आहे. तो वेळेवर येत नाही. तिथल्या तिथं मी कोसळलो असतो तर त्या वीस माणसांना शहाणपण आलं असतं. पण मी बसलो होतो, धडधाकट, डोक्यावर टोपी, ओठांना तूप. जे पुढं होणार होतं ते फक्त मला आणि माझ्या आतड्याला माहीत होतं.

हसू ऐकून बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. काय झालं ते तिला दोघातिघांनी हसत हसत सांगितलं. तिनं वडिलांकडं पाहिलं. आत जाऊन पिशवी आणि मुलीला घेऊन आली आणि मला म्हणाली, "चला."

"आगं, दान घ्यायचं राहिलंय," मामा म्हणाले. "अंगठी हाय."

"तुमच्याकडंच ठेवा, आबा."

मी टोपी काढून पाटावर ठेवली. मामींनी दारातून पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला. त्यांच्याकडंही मी तुच्छतेनंच पाहिलं, हे कबूल करतो.

माजलगाव ओलांडलं आणि मोटारसायकल उसाच्या कडेला लावावी लागली. पहिली उलटी तिथं झाली. मग कालव्याच्या पुलाजवळ. बायको माझं डोकं धरून बसली होती आणि मुलगी विचारत होती, "आबांनी बाबांना काय दिलं?" पुढं नऊ दिवस मी शाळेत गेलो नाही. तोंड आतून सोललं, पोट फुगलेलं, सांधे दुखणारे, आणि अंगातला सगळा दम कुणीतरी उपसून नेल्यासारखा. दोन वर्षांत कमावलेल्या वजनातलं चार किलो गेलं. मामांचा फोन एकदा आला. बायकोनं उचलला. तिकडून विचारणा झाली, "अजून नाटक चालू हाय का?" तिनं फोन ठेवला आणि त्यानंतर वर्षभर उचलला नाही. दिवाळीला गेली नाही. राखीला भाऊच इकडं आला.

दहाव्या दिवशी मामी आल्या. एकट्या. एसटीनं. जन्मात कधी एकट्या गाडीत बसल्या नव्हत्या. बरोबर गोणीत ज्वारी, शेतातली, निवडून पाखडून, गव्हाचा एक दाणा नसलेली. दारात उभ्या राहून त्यांनी चप्पलही काढली नाही.

"जावईबापू, ती कणीक म्या टाकली. वंजळभर. त्यांनी चुलीम्होरं हुबं राहून सांगितलं, पर हात माझा व्हता."

"तुम्ही नाही म्हणायला पाहिजे होतं, मामी."

"व्हय. पायजे व्हतं." त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षांत एकदा बी म्हनले न्हाई. सवय न्हाई."

त्यांनी रडून दाखवलं नाही, माफी मागून पाय धरले नाहीत. घडलं ते सांगितलं, चहा घेतला, मुलीचे केस विंचरले आणि चारच्या गाडीनं परत गेल्या. त्या दिवसापासून माझ्या मनात त्यांच्याबद्दल तुच्छता उरली नाही. जितकी होती तितकी सगळी मी मामांकडं वळती केली.

मामा बदलले नाहीत, असं मात्र म्हणता येणार नाही. ते त्याहून वाईट झाले. त्यांच्या ओळखीच्या एका बड्या माणसाची सून पुण्यात राहते. तिला हाच आजार निघाला. मोठं घर, मोठी गाडी, आणि गहू बंद. मामांना हे कळलं आणि एका रात्रीत माझा रोग खानदानी झाला. गेल्या वर्षी एका लग्नात मी माझा डबा घेऊन गेलो होतो. नातं होतं, टाळता येत नव्हतं. कोपऱ्यात खुर्चीवर बसून भाकरी मोडत होतो, तर मामा चार जणांना घेऊन माझ्याकडं आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आमच्या जावयाला गहू चालत न्हाई," ते म्हणाले. आवाज मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाईल असा. "लई मोठ्या लोकांचा आजार हाय तो. अमेरिकेत असतोय. आपल्याकडं हजारात एकाला बी व्हत न्हाई."

चारही माना आदरानं हलल्या. त्यातले दोघे त्या दिवशी ओसरीवर होते. टाळी वाजवणारा त्यांतलाच. तो मला म्हणाला, "सर, जपा बरं. थोडं बी खाऊ नका."

मग मामांनी खिशातून एक पुडा काढला. पुण्याहून मागवलेली बिस्किटं, गव्हाशिवायची. माझ्या हातात दिली आणि समोर उभे राहिले, मी खाईपर्यंत. बिस्किट भुशासारखं लागत होतं. चौघंही माझ्या जबड्याकडं बघत होते.

"कसंय?" मामांनी विचारलं.

"चांगलंय."

ते खूश होऊन नवऱ्या मुलाच्या बापाकडं निघून गेले. घरी आल्यावर बायको म्हणाली, ती त्यांची माफी होती, त्यांना तेवढीच येते. असेल. मी तसं मानत नाही. माणसाला 'मी चुकलो' म्हणायला दोन शब्द पुरतात, आणि भाषणं करणाऱ्या माणसाला शब्दांचा तुटवडा नसतो. उरलेला पुडा मी मुलीला दिला. तिनं एक खाल्लं, तोंड वाकडं केलं आणि बाकीची चिमण्यांना टाकली. चिमण्यांनी खाल्ली.